तिरप्या शेताचे क्षेत्रफळ



ज्या चौकोनाच्या समोरासमोरील बाजू समांतर असतात, त्यास समांतरभुज चौकोन म्हणतात. अशी शेते मोजताना पुष्कळांची एक चूक होते. ती माझ्या हातूनही झाली, म्हणून हा पाठ.

दोघा भावांनी वाटणीसाठी मला बोलाविले. थोरल्याचा तुकडा काटकोनी, 198 फूट लांब व 165 फूट रुंद होता. धाकट्याचा तुकडा तिरपा. परंतु बाजू तितक्याच. मी बाजूंचा गुणाकार करून प्रत्येकी 30 गुंठे सांगितले, प्रार्थना केली व घरी आलो. पेरणीनंतर धाकटा म्हणाला, "पाळकसाहेब, दादाच्या तुकड्यास पाच पायली हरभरा लागला, माझ्यास चारच कसा पुरला?"

बियाणे खरे बोलले होते. कोणतीही एक बाजू पाया मानावी. तिच्यापासून समोरच्या बाजूपर्यंतचे लंब अंतर ती उंची. तिरपी बाजू म्हणजे उंची नव्हे.

रीत: क्षेत्रफळ = पाया × उंची.

कारण असे: कागदाचा असा चौकोन घ्या. लंबावर कापून एका टोकाचा त्रिकोण काढा व दुसऱ्या टोकास लावा. त्याच पायाचा व उंचीचा आयत होतो. केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, हे भास्कराचार्यांनीही 'लीलावती' ग्रंथात (सन 1150) बजाविले आहे.

लंब साधण्यास दोरीवर सारख्या अंतराने खुणा करून 3, 4 व 5 भागांचा त्रिकोण ताणावा. 3 व 4 ह्या बाजूंमधील कोन काटकोन असतो.

त्या शेताची उंची 132 फूट भरली. 198 × 132 = 26136 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 × 33 = 1089 चौरस फूट; म्हणून शेत 24 गुंठे. 165 फुटांची बाजू पाया धरल्यास उंची 26136 ÷ 165 = 158.4 फूट येते. क्षेत्रफळ मात्र तेच. ह्याचप्रमाणे क्षेत्रफळास उंचीने भागिल्यास पाया मिळतो.

मी दोघांपुढे चूक कबूल केली. थोरल्याने आपल्यातील 3 गुंठे सोडिले. दोघांचे 27-27 झाले. नीतिसूत्रे 11:1 तराजूविषयी आहे खरे, परंतु मोजणीच्या दोरीसही ते लागू आहे. ज्याच्या शब्दावर मंडळी विश्वास ठेविते, त्याने उंची मोजल्यावाचून आकडा सांगू नये.

अभ्यास: शेत 10 गुंठे, पाया 165 फूट, उंची किती? (उत्तर: 66 फूट.)