नवशिक्याचा पतंग

पौष महिना लागला, की पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील मुलांची दृष्टी आकाशाकडे वळू लागते. शिरूरला घोडनदीच्या काठी आणि दौंडला भीमेच्या काठी दुकानांतून तांबडे, पिवळे, हिरवे पतंग टांगलेले दिसतात. बाजरी निघून गेल्यामुळे मोकळी पडलेली शेते आणि गावाबाहेरचे माळ जणू मुलांचीच वाट पाहत असतात. पतंगाला मराठीत 'वावडी' असा एक जुना शब्द आहे. निराधार बातमी पसरविण्याला आपण 'वावड्या उठविणे' म्हणतो, तो हाच शब्द. पण बातमीची वावडी वाटेल तिकडे भरकटते; कुशल मुलाच्या हातातील वावडी मात्र दोऱ्याच्या आज्ञेबाहेर जात नाही.

हा खेळ इतर खेळांहून एका बाबतीत निराळा आहे. विटीदांडू खेळणाऱ्या मुलाला आपल्या पायांखालची जमीन दिसत असते. पतंग उडविणाऱ्याला ती दिसत नाही. त्याचे डोळे वर असतात आणि पाय मात्र नकळत मागे मागे सरकत असतात. संत नामदेवांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. पतंग उडविणारे मूल सोबत्यांशी बोलत असले, तरी त्याचे चित्त दोरीवरच असते, असा दृष्टान्त नामदेवांनी त्यात दिला आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. चित्त असे दोरीला बांधले गेल्यावर पायांची काळजी कोण घेणार? ती पतंग हातात घेण्यापूर्वीच घेऊन ठेवावी लागते.

म्हणून नवशिक्याने आधी जागा पाहावी. गच्ची, पत्र्याचे छप्पर, धाब्याचे घर या जागा उंच असल्या तरी त्या पतंगासाठी नव्हेत. कठड्यावरून मागे पडलेले एक पाऊल पुरे होते. शेतात जावयाचे, तर शेताच्या धन्याला विचारून जावे आणि प्रथम शेताभोवती एक फेरी मारावी. या भागातील कित्येक जुन्या विहिरींना कठडा नसतो, आणि वाढलेल्या गवतात विहिरीचा काठ दिसत नाही. ढेकळे नसलेला, सपाट, मोकळा माळ सर्वांत उत्तम.

मग वर पाहावे, पण पतंगाकडे नव्हे, तारांकडे. विहिरींवरील विजेच्या पंपांसाठी शेतांवरून ११,००० व्होल्टच्या तारा गेलेल्या असतात. दौंडला तर पुणे, सोलापूर आणि मनमाड अशा तीन बाजूंचे लोहमार्ग एकत्र येतात, आणि रुळांवरील तारांतून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. कोरडा सुती दोरा वीज सहजासहजी वाहून नेत नाही, म्हणून काही मुले निर्धास्त असतात. तो निर्धास्तपणा खोटा आहे. पहाटेच्या दवाने ओलसर झालेला दोराही विजेला वाट करून देतो. तारेत अडकलेला पतंग काठीने किंवा दोरा ओढून काढू नये. तो आपला नव्हेच, असे समजून तेथेच सोडावा. पतंगाची किंमत ती काय!

आता दोरा. काचेची पूड लावलेल्या मांजाने दुसऱ्याचा पतंग कापण्यात मुलांना मोठा पराक्रम वाटतो. परंतु जो दोरा पतंग कापतो, तो बोटही कापतो. नायलॉनचा मांजा याहूनही घातक. त्याला 'चिनी मांजा' म्हणण्याची रीत पडली आहे. नाव कोठलेही असो, तो तुटत नाही आणि कुजत नाही, हाच त्याचा दोष. रस्त्यावर आडवा आलेला असा धागा दुचाकीवरून जाणाऱ्याला दिसत नाही. २०१८ या एकाच वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रिया गळा कापून मृत्युमुखी पडल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली होती. शिरूरवरून पुणे-अहिल्यानगर हा वर्दळीचा महामार्ग जातो. पतंग त्याच्यापासून दूरच उडवावा. शिकणाऱ्याला साधा सुती दोराच योग्य. काटाकाटीची घाई नसावी. ज्याला अद्याप पतंग वर ठेवता येत नाही, त्याने कापण्याचा विचार कशाला करावा?

पतंगाच्या उभ्या कामटीला वर आणि खाली दोरा ओवून जी बांधणी करतात, तिला कणी म्हणतात. कणीचा वरचा पदर खालच्या पदरापेक्षा बोटभर आखूड ठेवावा. पतंग फार डोलत असेल, तर कागदाची शेपटी लावावी. तिला हसणारी मुले भेटतील, त्यांना हसू द्यावे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. सोबत्याने पतंग घेऊन वीस-पंचवीस पावले समोर जावे, त्याचे डोके वर करून धरावे आणि खूण होताच नुसता सोडावा. उडी मारून फेकू नये. दोरा ताणलेला असला, तर पतंग आपण होऊन वर चढतो. नंतर थोडी खेच, थोडी ढील.

पतंग गिरकी घेऊन खाली येऊ लागला, की प्रत्येक नवशिका जीव खाऊन दोरा ओढतो. येथेच तो चुकतो. पतंगाचे डोके ज्या दिशेला असते, त्याच दिशेला ओढ त्याला नेते. डोके खाली असताना ओढले, तर तो अधिक वेगाने जमिनीवर आपटतो. अशा वेळी ढील द्यावी, डोके पुन्हा वर वळेपर्यंत थांबावे आणि मगच खेचावे. हे कळावयास एक दिवस पुरतो. हाताला वळावयास मात्र सारा हंगाम लागतो.

सूर्य मावळण्यापूर्वी पतंग उतरवावा. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव मोरांसाठी प्रसिद्ध आहे, आणि दौंडच्या पुढे भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पक्ष्यांची ये-जा सकाळी आणि संध्याकाळी अधिक; त्यांना आकाशातला बारीक दोरा दिसत नाही. उतरविताना एकाने दोरा ओढावा आणि दुसऱ्याने तो लगोलग फिरकीवर गुंडाळावा, म्हणजे पायांत गुंता होत नाही. गवतात, बाभळीच्या खालच्या फांद्यांवर जे तुकडे राहिले असतील, ते वेचून घरी आणावेत. पतंग फाटला असेल, तर रात्रीच्या भाताची चार शिते आणि जुन्या वहीच्या कागदाचे एक ठिगळ एवढ्यावर तो सकाळपर्यंत पुन्हा उडण्याजोगा होतो.