हरवलेल्या रुळांचा माग

बार्शीच्या आसपासच्या शिवारातून हिंडताना शेतांच्या मधून गेलेला मातीचा एक लांबट उंचवटा कधी कधी आपल्या दृष्टीस पडतो. त्याची रुंदी बैलगाडीच्या वाटेपेक्षा फारशी अधिक नसते. त्यावर बाभळी व घाणेरीची झुडपे माजलेली असतात. शेताचा बांध म्हणावा तर तो एका शेतापाशी थांबत नाही. दोन-तीन गावांच्या शिवा ओलांडून पुढे जातच राहतो. रस्ता म्हणावा तर त्यावर चाकोरी नाही. मग हा उंचवटा कोणी घातला आणि कशासाठी?

हा उंचवटा म्हणजे एका लहान आगगाडीची वाट होय. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे; लोक नुसते ‘बार्शी लाइट’ म्हणत. मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या गावांवरून ती थेट लातूरपर्यंत जात असे. आज ती गाडी नाही, तिचे रूळही नाहीत. परंतु आगगाडीची वाट ही मोठी चिवट गोष्ट आहे. रूळ काढून नेले तरी ती जमिनीवरून एका दिवसात पुसली जात नाही. ती कशी ओळखावी, आणि ओळखल्यावर ती आपल्याला काय सांगते, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम ही गाडी निघाली कशी ते समजून घेतले पाहिजे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मोठा लोहमार्ग इ. स. १८६० च्या सुमारास तयार झाला. बार्शी ही त्या काळीही कापसाची व गळिताच्या धान्याची नामांकित बाजारपेठ होती. पण मोठी गाडी बार्शीला न जाता वीस मैलांहून अधिक दूर असलेल्या कुर्डुवाडीवरून गेली. म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द दिसला की ते गाव तेथून दूर आहे, आणि तेथे उतरून पुढची वाट आपली आपण चालायची आहे, असे खुशाल समजावे. बार्शीच्या व्यापाऱ्यांचा कापूस ही वाट बैलगाड्यांतून चालत असे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनिअराने हे पाहिले. तो स्वतः ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीत नोकरीस होता. एवढ्या अंतरासाठी मोठा लोहमार्ग बांधणे परवडणारे नाही, परंतु लहान मार्ग परवडेल, असे त्याचे मत बनले. पुढे नोकरी सोडून त्याने १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली. (हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी टाकणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या मागे लागला, आणि ती त्याने केलीही. अशा माणसाला नुसता इंजिनिअर म्हणून सोडून देणे बरे वाटत नाही.)

मोठ्या लोहमार्गाच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. कॅलथ्रॉपने ते अडीच फूट ठेवले. लहान गाडी म्हणजे दुबळी गाडी, अशी तेव्हाची समजूत होती. कॅलथ्रॉपने वेगळा विचार केला. इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, असा त्याने नियम केला. इंजिन जड हवे असेल तर त्याला चाके अधिक लावायची, म्हणजे भार वाटला जाईल. या युक्तीने हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येऊ लागला. इंग्लंडमधील लीड्स शहरी किटसन कंपनीने तयार केलेली इंजिने येथे आली, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी गाडी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. सारा मार्ग दोनशे मैलांच्या वर गेला. १९५४ मध्ये सरकारने तो कंपनीकडून विकत घेतला.

गाडी फार सावकाश चाले. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा त्याच गाडीत बसावे, असे लोक थट्टेने म्हणत. आषाढी-कार्तिकीला मात्र थट्टा करण्यास कोणाला सवड नसे; आत जागा न मिळालेले वारकरी डब्यांच्या टपांवर बसून पंढरपूर गाठीत.

मग अशी उपयोगी गाडी बंद का पडली? तिचा जो गुण, तोच पुढे तिचा दोष ठरला. अडीच फुटी रुळांवरचा डबा साडेपाच फुटी रुळांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे लातूरचे पोते मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीस लहान डब्यातून उतरवून हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढवावे लागे. यात वेळ जाई, मजुरी पडे, पोती फुटत. मोटार-मालगाड्या खेडोपाडी येऊ लागल्यावर व्यापारी दुकानाच्या दारातच माल भरू लागले. अखेरीस या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सर्व मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या रुळांचा करण्यात आला. लातूर ते धाराशिव मोठी गाडी २००७ मध्ये धावू लागली.

आता मागाकडे वळू. जेथे नवा मार्ग जुन्याच्याच जागेवर टाकला गेला, तेथे शोधण्यासारखे थोडे उरते. नव्याच्या भरावाखाली जुना गाडला गेला आहे. परंतु मोठी गाडी लहान गाडीसारखी चटकन वळू शकत नाही. तिला अधिक ऐसपैस वळण लागते, म्हणून जागोजागी नव्या मार्गाने जुन्याची साथ सोडली आहे. जेथे साथ सुटली तेथेच जुनी वाट मोकळी पडलेली आढळते. शोधणाऱ्याने तेथून आरंभ करावा.

पहिली खूण चढाची. बैलगाडीची वाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. बैल थोडे दमले तरी चालते. आगगाडीला हे साधत नाही. लोखंडाच्या रुळावरून लोखंडाचे चाक सहज घसरते, म्हणून शंभर फुटांत एक फूट एवढा चढसुद्धा इंजिनाला जाणवतो. यासाठी सखल जागी भराव घालून वाट उंच करतात आणि उंचवट्याच्या जागी जमीन कापून ती खाली घेतात. भोवतालची जमीन वर-खाली होत असता एखादी पट्टी मात्र आपली पातळी सांभाळीत जात असेल, तर तेथे थांबून नीट पाहावे. भरावाच्या दोन्ही अंगांना उथळ, लांबट खड्डे असतील तर भरावाची माती तेथूनच काढली आहे. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि दुरूनही ते ओळखू येतात.

दुसरी खूण वळणाची. पायवाट शेताच्या कोपऱ्याशी काटकोनात वळते. आगगाडीची वाट असे कधी वळत नाही. तिचे वळण एखाद्या मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यासारखे एकसारखे असते. विमानातून अथवा उपग्रहावरून घेतलेल्या चित्रात हे फार स्पष्ट दिसते. रूळ जाऊन वर्षे लोटली, शेतकऱ्याने ती पट्टी नांगरून शेतात घेतली, तरी दोन्ही बाजूंच्या शेतांचे बांध त्याच वळणाला धरून उभे असतात. गावच्या नकाशात तर हे हमखास सापडते, कारण रेल्वेसाठी घेतलेली जमीन एका चिंचोळ्या पट्टीने अनेक शेतांना कापून गेलेली असते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. या मुलखात पाटांचे जाळेही मोठे आहे, आणि पाटाचा भराव दुरून आगगाडीच्या भरावासारखाच दिसतो. मात्र पाण्याला चढ चढता येत नाही. त्यामुळे पाट डोंगराला वळसे घालीत, अगदी किंचित उतार धरून जातो. आगगाडीची वाट वेळ पडल्यास चढते, आणि आडवा आलेला उंचवटा कापून पलीकडे जाते. तरीही शंका राहिली तर पायाखाली पाहावे. काळ्या रानात मध्येच फोडलेल्या खडीचा थर लागला, आणि तिच्यात कोळशाच्या जळक्या राखेचे खडे मिसळलेले असले, तर निकाल आगगाडीच्या बाजूने द्यावा. केवळ भराव पाहून तसा देऊ नये.

सर्वांत खात्रीचा साक्षीदार म्हणजे मोरी. दगडी मोऱ्या बांधण्यास खर्च फार येतो आणि पाडण्यापासून लाभ काही नाही. म्हणून त्या बहुधा जागच्या जागी राहतात. एखाद्या ओढ्यावर, जेथे रस्ता नाही आणि वस्तीही नाही, अशा जागी घडीव दगडांची मोरी आढळली तर तिच्यावरून काय जात असेल, याचा विचार करावा. शेजारच्या गावात जुन्या रुळाचा तुकडा कोणाच्या गोठ्याला तुळई म्हणून अथवा कुंपणाला खांब म्हणून लागलेला दिसेल. आणि गावात कोणी वृद्ध गँगमन असतील तर आपले सारे तर्क बाजूस ठेवून आधी त्यांचे ऐकावे. फाटक कोठे होते, इंजिन पाणी कोठे घेई, पावसाळ्यात भराव कोठे खचे, हे नकाशात नसते. ते त्यांच्यापाशी असते, आणि त्यांच्याबरोबर ते जाईल.

इतके श्रम घेऊन जुनी वाट शोधली तरी तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बार्शीच्या पूर्वेस पांगरी सोडल्यावर याचे उत्तर मिळते. जुनी गाडी येथून बालाघाटाचा डोंगर चढून सरळ येडशीला जात असे आणि तेथून ढोकी, मुरूडवरून लातूरला. जिल्ह्याचे ठिकाण असलेले धाराशिव, ज्याला पुष्कळ वर्षे उस्मानाबाद म्हणत, ते दक्षिणेकडे बाजूलाच राहिले. कंपनीला बाजारपेठेचा माल हवा होता; कचेरीच्या गावाला वळसा घालण्यात तिला रस नव्हता. लातूरचा बाजार या गाडीच्या आधाराने वाढत गेला आणि धाराशिवचा माणूस गाडीसाठी दुसऱ्या गावी जात राहिला. १९११ पासून २००७ पर्यंत, म्हणजे शहाण्णव वर्षे, ही स्थिती होती. नवा मार्ग मुद्दाम वळसा घेऊन धाराशिववरून नेला तेव्हा ती पालटली. आज एखादा मुलगा नवा नकाशा उघडील तर त्याला गाडी धाराशिववरून जाताना दिसेल आणि ती पहिल्यापासून तशीच जात होती, असे तो धरून चालेल. तसे नव्हते, हे सांगणारी जुनी वाट डोंगराच्या अंगावर आहे. ती नाहीशी झाली तर एका गावाने शंभर वर्षे काय सोसले याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाच नाहीसा होईल. मग कागदावरचे शब्द कोण किती मनावर घेणार?

कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन इंग्लंडमध्येही स्टॅफर्डशायर परगण्यात अशीच एक अडीच फुटी गाडी बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिची इंजिने बार्शीच्या इंजिनांवरूनच बेतलेली होती. एका इंग्रजी दरीत महाराष्ट्रातील वळणाची इंजिने धावत होती म्हणा ना. १९३४ मध्ये ती बंद पडली. तेथील लोकांनी ती वाट नांगरली नाही. रूळ काढून तिची पाऊलवाट केली आणि १९३७ मध्ये ती सर्वांना खुली केली. आज तिच्यावरून माणसे चालतात, सायकली जातात, आणि चालताना गाडीचे वळण आपोआप पायांना कळते.

आपल्याकडे तसे सर्वत्र झालेले नाही, आणि शेतकऱ्याला त्याच्या उपयोगाच्या जमिनीवरून बोल लावणे योग्यही नाही. लातूर शहरात मात्र जुन्या मार्गाच्या जागी रस्ता झाला आहे, आणि त्या भागाला लोक अजून ‘जुनी रेल्वे लाइन’ असेच म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर व पत्रांच्या पत्त्यांत ते नाव लिहिले जाते. तेथे राहणाऱ्या कित्येक मुलांनी ती गाडी पाहिलेलीही नसेल.

तुमच्या भागातही अशी वाट असू शकेल. दौंड-बारामतीची लहान गाडी, पुलगाव-आर्वीची, मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी, अशा पुष्कळ गाड्या या राज्यात होत्या. शोधास निघण्यापूर्वी शेताच्या धन्याची परवानगी घ्यावी, चालू लोहमार्गाच्या जवळ जाऊ नये, आणि सोबत वडीलधारे माणूस असावे. एक वही, एक टेप आणि जुना नकाशा एवढे साहित्य पुरे. पावसाळा नुकताच संपला असेल तर प्रथम ओढ्याकाठी जावे, कारण मोरीच्या तोंडाशी वाढलेले गवत तेव्हा पुराने आडवे पडलेले असते व दगड उघडे दिसतात. मोरीची रुंदी मोजावी, दगडावर साल कोरलेले असेल तर ते उतरून घ्यावे, जवळच्या गावाचे नाव लिहावे, आणि वर चढून भराव दोन्ही दिशांना कोठवर दिसतो ते पाहावे.