प्रयोगशाळेतील हातमोजे आणि आपल्या त्वचेवरील एक प्रथिन

या अहवालातील खर्चपत्रक बारकाईने वाचणारे हितचिंतक आम्हांस नेहमी विचारतात की, रेण्वीय निदान प्रयोगशाळेतील नळ्या एकदाच वापरून टाकून का दिल्या जातात? काचेची भांडी उकळून पुन्हा वापरता येणार नाहीत काय? प्रश्न रास्त आहे. विश्वस्त निधीतील प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे आमचे कर्तव्यच आहे. मात्र याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच बोटांकडे पाहावे लागते.

पेशीतील डीएनए हा मूळ दस्तऐवज मानला, तर आरएनए ही त्यावरून कामापुरती काढलेली नक्कल होय. काम संपल्यावर ही नक्कल नष्ट व्हावी लागते. अन्यथा जुन्या आदेशांचीच गर्दी होईल. आरएनएचे तुकडे करणाऱ्या विकरांना रायबोन्यूक्लिएज म्हणतात. काही पेशीच्या आत काम करतात, काही बाहेर स्रवतात.

यांपैकी 'आरएनेज ७' हे विकर २००२ मध्ये जर्मनीतील कील येथील हार्डर व श्रोडर या संशोधकांनी निरोगी माणसांच्या त्वचेच्या बाह्यतम थरातून वेगळे केले. १२८ अमिनो आम्लांचे हे लहानसे प्रथिन अनेक जिवाणूंना मारते. विशेष असे की, त्यासाठी त्याला आरएनए तोडण्याची गरज भासत नाही. ते जिवाणूचे आवरणच भेदते. मूत्रमार्गाच्या अस्तरातही ते आढळते. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने हा रखवालदारच. प्रयोगशाळेत मात्र त्याची गणना उपद्रवात होते.

या कुळातील विकरे कमालीची चिवट असतात. गाईच्या स्वादुपिंडातील 'आरएनेज ए' हे त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेले. गंधकाच्या चार बंधांनी त्याची घडी जखडलेली असते. तापवल्यास ती उलगडते, निवल्यावर पुन्हा पूर्ववत होते. उलगडलेले प्रथिन आपली घडी आपणच घालते, हे अँफिन्सेन यांनी याच विकरावर दाखवले व त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेव्हा उकळणे निरुपयोगी. ऑटोक्लेव्हवरही पूर्ण विसंबता येत नाही. काच कोरड्या उष्णतेत कित्येक तास भाजावी लागते.

एचआयव्ही बाधितांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, हेपॅटायटिस सी, कोविड या तपासण्यांत विषाणूचा आरएनएच शोधला जातो. नमुना ग्वानिडीन क्षाराच्या द्रावणात विरघळताना विकरे निष्प्रभ होतात. परंतु शुद्धीकरणानंतर क्षार धुऊन गेलेला असतो आणि आरएनए उघडा पडतो. त्या वेळी उघड्या बोटाचा नळीच्या आतल्या कडेस झालेला स्पर्शही महाग पडू शकतो. विषाणू अंगात असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो, आणि असा रुग्ण निर्धास्त मनाने घरी परततो.

नियंत्रण चाचणीने हे उघडकीस येईल, असे कोणी म्हणेल. पण २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तयार केलेल्या कोविड चाचणीत त्यासाठी मानवी 'आरएनेज पी'चे जनुक शोधले जाई आणि हा शोध रुग्णाच्या डीएनएवरूनही साधतो. म्हणून नियंत्रण चाचणी ठीक आली तरी विषाणूचा आरएनए शाबूत होता, अशी खात्री देता येत नाही.

म्हणूनच आमचे तंत्रज्ञ दाराची मूठ, चेहरा वा दूरध्वनी यांना हात लागताच हातमोजे बदलतात, आणि त्या खर्चात आम्ही काटकसर सुचवीत नाही. देणगीदारांनी प्रयोगशाळा अवश्य पाहावी. ती काचेच्या तावदानापलीकडून दाखविली जाते.