‘प्रार्थनेला या’ म्हणताना किती सांगावं?

प्रश्न : माथेरानला सेंट पॉल्स चर्चवरून आमचं रोजचं येणं-जाणं असतं, त्याबद्दल मनात कधी काही आलं नाही. पण आमच्याकडे कामाला येणारी, डोंगराखालच्या वाडीतली एक मुलगी परवा म्हणाली की ‘आजारी माणसासाठी प्रार्थना आहे, या’ असं सांगून तिच्या घरच्यांना शेजारच्या घरी बोलावलं. दोन-तीनदा जाऊन आल्यावर कळलं की ती ख्रिस्ती उपासना आहे. दमदाटी नाही, पैसे नाहीत, माणसं प्रेमाने बोलतात. तरी आधी सांगितलं नाही याचं तिला वाईट वाटलं. धर्म सांगायला आलेल्या माणसाने आधी सगळं खरं सांगायचं, असं बंधन ख्रिस्ती धर्मात आहे की नाही?
– एक वाचक, माथेरान

उत्तर : आहे, आणि ते कुणी बाहेरून लादलेलं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की लपवाछपवी आणि कपट आम्ही टाकून दिलं आहे, खरं तेच उघडपणे मांडून आम्ही लोकांच्या विवेकापुढे उभे राहतो. मात्र पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हाच पौल म्हणतो की यहुद्यांना मिळवण्यासाठी मी यहुद्यांसारखा झालो, दुबळ्यांसाठी दुबळा झालो. समोरच्यासारखं व्हायचं, पण त्याला चकवायचं नाही. हे जमवताना थोरामोठ्यांचीही ओढाताण झाली आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईला आलेला इटालियन जेझुइट रॉबर्टो दे नोबिली भगवी वस्त्रं नेसला, शाकाहारी राहिला, संस्कृत आणि तमिळ शिकला आणि आपण रोममधले उच्चकुलीन संन्यासी आहोत असं सांगू लागला. मी फिरंगी नव्हे, असंही तो म्हणे. त्याच्याच पंथातले लोक त्याच्यावर तुटून पडले, प्रकरण रोमपर्यंत गेलं आणि 1623 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याच्या पद्धतीला मुभा दिली. माझ्या मते त्याच्या वेशात खोट नव्हती. साधूने साधूसारखं राहावं यात फसवणूक कसली? ‘मी फिरंगी नव्हे’ या वाक्यात मात्र अर्धं सत्य होतं. पुढे अठराव्या शतकात ‘एझुर्वेदम्’ नावाचा बनावट वेद निघाला. मूर्तिपूजेचं खंडन करणारा प्राचीन ग्रंथ म्हणून तो युरोपात पोहोचला, व्हॉल्टेअरसारखा माणूसही त्याने फसला. तो खोटा, एका मिशनऱ्याने रचलेला असल्याचं 1782 साली सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने लिहिलं, तेव्हा मिशनऱ्यांची जी नामुष्की झाली ती त्यांच्या कुठल्याही विरोधकाला करता आली नसती.

गोव्यातलं उदाहरण जास्त अवघड आहे. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं. सुमारे 11,000 ओव्या, मराठी पुराणाचा साज, आणि आत उघड उघड बायबलची कथा. हा ग्रंथ कुणाला चकवत नाही. पहिल्या पानापासून तो आपण कोण ते सांगतो, आणि मराठीवर त्याचं प्रेम आहे याबद्दल वाद नाही. पण ज्या साष्टीत तो वाचला गेला तिथली देवळं 1560च्या दशकात पाडली गेली होती आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं होतं. ऐकणाऱ्याला ‘मला हे नको’ म्हणायची सोय उरली नव्हती. सांगणारा कितीही खरा असला तरी समोरच्याला नकार देता येत नसेल तर त्या खरेपणाचं मोल निम्म्याने घटतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ येणारी गोष्ट. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही मुलींची शाळा काढली. त्या स्वतः 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या आणि हे त्यांनी कधी झाकलं नाही. सदनासाठी पैसा आला बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळता येतील, अशी ग्वाही होती, म्हणून तर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं सल्लागार म्हणून उभी राहिली. बालविधवांना शिकवायला फारसं कुणी धजत नव्हतं त्या काळात हे केवढं मोठं काम होतं! मिशनरी मंडळी उलट रमाबाईंवर रागावली की मुलींना ख्रिस्त का शिकवत नाही.

1890 साली सदन पुण्याला आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली जाऊन बसू लागल्या, काही बायबल वाचू लागल्या. बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि ऑगस्ट 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी पत्र लिहून सदनाशी संबंध तोडला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बॉस्टनहून असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज चौकशीला आल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

रमाबाईंनी फसवलं का? मी हा प्रश्न अनेकदा स्वतःशी घोळवला आहे. फसवलं असं मला म्हणवत नाही. त्यांचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलतही नाही; माझ्या घरात माझी प्रार्थना मी चोरून का करू? हे म्हणणं सच्चं आहे. आणि सदनात राहून हिंदूच राहिलेल्या मुली होत्या. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे काही वर्षं शिकली आणि 1893च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या मुलीचं डोकं भादरून तिला कोपऱ्यात बसवलं होतं, जिला आयुष्यात पहिल्यांदा मायेने जवळ घेतलं ते या बाईंनी, तिच्यासाठी ते उघडं दार नुसतं दार नव्हतं. ज्या माणसावर आपण सर्वस्वी अवलंबून आहोत त्याच्या देवाकडे मन ओढलं जाणं साहजिक आहे. आणि तटस्थतेची ग्वाही? सल्लागारांना वाटलं, ख्रिस्ताचं नाव मुलींपर्यंत पोचणारच नाही. रमाबाईंना वाटलं, कुणावर सक्ती होणार नाही. दोघांनीही आपापल्या परीने शब्द पाळला आणि दोघांनाही दुसऱ्याने मोडल्यासारखं वाटलं. शब्द देणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचं होतं एवढ्यावर थांबून चालत नाही. ऐकणाऱ्याने त्यातून काय धरलं, हे शब्द देणाऱ्यालाही ठाऊक असतंच, आणि तिथे गैरसमज सोयीचा म्हणून तसाच राहू दिला तर ते खोटं बोलण्याच्या फार जवळ जातं. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभारलं ते उघडपणे ख्रिस्ती म्हणून. त्यानंतर तिथे येणाऱ्याला आपण कुठे येतो आहोत याचा संशय राहिला नाही. मला तो निर्णय त्यांच्या स्वभावाला शोभणारा वाटतो.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलीची गोष्ट याच मापाने मोजा. ‘प्रार्थना आहे’ हे वाक्य खोटं नव्हतं. पण वाडीतल्या माणसाला त्यातून काय वाटेल हे बोलावणाऱ्याला नक्की कळत होतं. ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, येशूच्या नावाने प्रार्थना करतो, यायचं तर या’ एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ते राहून गेलं असेल तर चूक आहे. लोक येणार नाहीत म्हणून मुद्दाम गाळलं असेल तर पौलाने टाकून दिलेलं कपट ते हेच.

उघडपणे धर्म सांगायची रीत आपल्याला नवी नाही. माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातले. 1857 साली जानेवारीपासून मेपर्यंत ते मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद करत होते. शेकडो लोक ऐकायला जमत. कोण कुठल्या बाजूने बोलतो आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पटलं नाही तर उठून घरी जाता येत होतं. त्या वादांचा इंग्रजी वृत्तान्त छापला जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने, प्रतिपक्षाचं म्हणणं त्यात घालून. हा बोवेन मिशनचा पगार सोडून मुंबईत गरिबांसारखा राहिला. धर्म सांगणाऱ्याने असं असावं.

अडचण अशी की आजारी माणसाचं घर म्हणजे चौपाटीची वाळू नव्हे. माथेरानच्या वाटेवरच्या जुम्मापट्टीच्या खालच्या अंगाला ठाकर आणि कातकरी वस्त्यांतून दवाखाना गाठायचा तर आधी चालावं लागतं, मग गाडीभाड्याचे पैसे लागतात. अशा घरात ‘चंगाई होईल’, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होईल, हे आश्वासन फार जड असतं. 2011 साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं कार्यालय आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून धर्म सांगण्याच्या आचाराचा एक मसुदा काढला. कॅथलिक, प्रोटेस्टंट, इव्हँजेलिकल अशी एरवी एका बाकावर न बसणारी मंडळी त्यात एकत्र आहेत. फसवणूक नको, पैशाचं आमिष नको, लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेऊ नका, आजार बरे करण्याच्या सेवेत माणसाच्या हतबलतेला हात घालू नका, आणि धर्म बदलू पाहणाऱ्याला विचार करायला पुरेसा वेळ द्या, असा त्याचा आशय आहे. तेव्हा ‘आमच्यात असं चालतं’ असं कुणी पाळक म्हणाला, तर ते त्याच्याच धर्मातल्या मोठ्यांना मान्य नाही.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेचं 25वं कलम धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केलं की आपली तत्त्वं सांगायचा हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नव्हे. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे, मग करणारा भगत असो, बुवा असो की पाळक. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात यातलं काही दिसत नाही. त्या घरावर कुणी मोर्चा नेणं हा सरळ अन्याय होईल. वाडीतला माणूस चर्चला गेला म्हणजे तो फसलाच, असं धरून चालणं हाही त्याचा अपमानच आहे. त्याला स्वतःचं मन आहे. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा : नवऱ्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतल्याचं त्यांना मागाहून कळलं, तो घाव त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त झाकलेला नाही. तरी 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्या सुमारे पाच वर्षं आपल्या मनाशी झगडून, स्वतःच्या पायाने.

त्या मुलीला एवढंच सांगा की तिने पाळकाला समोरासमोर विचारावं : तुमची मंडळी (म्हणजे चर्च) कोणती, डॉक्टरचं औषध चालू ठेवायचं ना, आणि आम्ही यायचं थांबवलं तरी तुम्ही आजाऱ्याला बघायला याल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नये. महिनाभर जाणं बंद ठेवलं की ते आपोआप मिळतं.

आणि एक विनंती तुम्हाला. ती तुमच्याकडे कामाला आहे, हंगामात तिच्या घरची चूल तुमच्या पगारावर चालत असेल. ती प्रार्थनेला जावो वा न जावो, त्याचा कामाशी संबंध नाही, हे तिला आजच स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर जे दडपण पाळकाने आणू नये असं आपण म्हणतो आहोत, ते तिला तुमच्याकडून जाणवेल.