प्रयोगशाळेत रुजू झालेल्या भाचीस

घोडेगाव,
आषाढ शुद्ध दशमी

चि. बाळ हीस,

तुझे पत्र पोचले. पुण्यातील गणेशखिंडीच्या विस्तीर्ण आवारातील प्रथिन-रचनेच्या प्रयोगशाळेत तू संशोधक विद्यार्थिनी म्हणून रुजू झालीस हे ऐकून तुझ्या आजीने देवापुढे साखर ठेवली आणि ते पत्र मला तीनदा वाचावयास लावले. सरांच्या विद्वत्तेविषयी तू भरभरून लिहिलेस, सूक्ष्मदर्शकाने तर पाऊण पान घेतले; परंतु ‘काचसामान धुवायला एक मावशी आहेत’ या एका वाक्यापलीकडे त्या बाईंविषयी काही नव्हते. आजीने तेवढेच नेमके धरले. ‘तिचं नाव काय गं लिहिलंय?’ असे तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे, म्हणून हे पत्र.

ज्याला तू तुझे काम म्हणशील ते किती हातांतून तुझ्यापर्यंत येते, हे एकदा शांतपणे मोजून पाहा. जंतूंच्या पेशींत प्रथिन वाढवायचे, त्या फोडून ते इतर सर्व गाळातून निराळे काढायचे, मग सुईच्या अग्राएवढ्या थेंबात क्षारद्रव्य मिसळून तो थेंब बंद खणात उलटा टांगून ठेवायचा आणि दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने, त्यात स्फटिक धरतो की नाही याची वाट पाहायची, आणि धरला तर त्यावर क्ष-किरण सोडून प्रथिनाची रचना शोधायची, असा हा व्यवहार आहे. आणि त्यात रसायनाच्या मागणीचा कागद पुढे सरकवून मंजुरी आणणारा दफ्तरातील कारकून, रात्री उठून जंतूंची वाढ पाहणारा प्रकल्प-सहायक, थेंब न थरथरता कसा ठेवावा हे आपल्या हाताने दाखविणारी तुझ्याहून चार वर्षे ज्येष्ठ विद्यार्थिनी आणि क्ष-किरणांच्या यंत्राचा नाद ऐकून त्याची प्रकृती ओळखणारा तंत्रज्ञ, या सर्वांचा वाटा आहे. चंबूत साबणाचा अंश राहिला तर महिनाभराचे प्रथिन वाया जाऊ शकते, म्हणून या माळेतील पहिला मणी त्या मावशींच्या हातात आहे, असे मी समजतो.

एका हाताच्या चुकीने सगळे काम बिघडते, हे समजावयास तुला पुण्याला जाण्याची गरज नव्हती. डिंभ्याच्या वरच्या अंगाला आपल्या रानात आजी बाळहिरडा वेचून आणते, तो तू लहानपणापासून पाहिला आहेस. अंगणात पसरलेला हिरडा ती दर प्रहराला पालथ्या हाताने फिरविते. हिरवा दाणा काळा पडून आक्रसतो, तरी ती त्यावर विसंबत नाही, एखादा उचलून दाताखाली धरते आणि त्याचा कट्‌ असा आवाज आला तरच पोत्यात भरते. गेल्या साली शेजारच्या पोरीने ओलसर हिरडा चुकून सुक्यात मिसळला, आणि संध्याकाळी स्वतःच येऊन तिने तसे सांगितले. आजी रागावली नाही. दोघींनी पोते पुन्हा ओतून निवडले. ती पोर भिऊन गप्प राहिली असती तर सगळे पोते बुरशीने गेले असते, आणि दोष कोठला हे कोणालाच कळले नसते.

आता तुझ्या शास्त्राकडे येतो. माझे ज्ञान शाळामास्तराचे आहे, तरी दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला मुलांना घेऊन मी खोडदला, तेथील रेडिओ दुर्बीण पाहावयास, जात असे. तेथील आणि भोवतालच्या गावांत पसरलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील एकाच स्रोताकडे तोंड करून ऐकतात, आणि प्रत्येक तबकडीकडे लहर केव्हा पोचली, म्हणजे तिची कला काय होती, हे राखून ते सर्व संदेश एकत्र केले जातात, म्हणून चित्र उभे राहते. तुझ्या स्फटिकावरून विखुरणारे क्ष-किरणही लहरीच आहेत. पण तुमच्या पटावर ठिपक्याची तीव्रता तेवढी उमटते, कला हरवते. ती जड धातूचे अणू स्फटिकात बसवून किंवा आधी ठाऊक असलेल्या सदृश रचनेचा आधार घेऊन परत मिळवावी लागते. धोका आहे तो याच ठिकाणी. उसनी घेतलेली कला आपल्या अनुमानाचा रंग चित्राला देते, आणि आपण जे त्यात घातले तेच आपल्याला त्यात दिसू लागते. म्हणून १९९२ साली अ‍ॅक्सेल ब्रुंगर यांनी सुचविले की सुमारे पाच-दहा टक्के ठिपके आरंभीच बाजूला काढावेत, रचना जुळविताना त्यांना हात लावू नये, आणि शेवटी त्यांच्याशीच ती ताडून पाहावी. मला हा शिरस्ता फार थोर वाटतो. माणूस स्वतःला फसवू शकतो हे मान्य करून केलेला हा बंदोबस्त आहे.

मी स्वतः एकदा असा फसलो आहे. महाविद्यालयात लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९८१ यावे म्हणून दोन नोंदी खोडून मी नव्या लिहिल्या, आणि गुणही पुरे मिळाले. लंबकाचा दोरा चिमट्यात सरकत होता हे पुढे शिक्षक झाल्यावर एका विद्यार्थ्याच्या प्रामाणिक, चुकलेल्या आकड्यांवरून मला कळले. माझ्या खोडलेल्या दोन आकड्यांत तीच गोष्ट लिहिलेली होती. तुझ्या वहीत फसलेला थेंब, ढगाळलेला थेंब, गळलेली नळी, सर्व तारखेनिशी लिही. खोडायचे झाले तर एकच रेघ मार, खालचे वाचता आले पाहिजे.

परंतु वही तू एकटी खरी ठेवू शकणार नाहीस. चंबू कशाने धुतला, शीतपेटी रात्री किती वेळ उघडी राहिली, हे ज्यांना ठाऊक असते ती माणसे ते तुला तेव्हाच सांगतील, जेव्हा सांगितल्याबद्दल त्यांची मानखंडना होणार नाही अशी त्यांची खात्री असेल. हाताखालच्या माणसाने आपण होऊन चूक सांगितली तर आधी त्याचे आभार मान, मग दुरुस्तीचे बोल.

आणि धीर धर. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र १९३० च्या दशकाच्या मध्यास घेतले, आणि त्याची रचना हाती आली ती १९६९ साली. त्यांच्या संघात एम. विजयन हे आपल्या देशातील तरुण होते, ज्यांनी पुढे बंगलोरला प्रथिन-स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली. १९७१ साली जगाच्या प्रथिन-रचनांची पेढी उघडली तेव्हा तीत सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. प्रत्येकीसमोर ती सादर करणाऱ्यांची नावे आहेत, आणि एक दिवस तुझेही असेल. चंबू धुणाऱ्यांचे मात्र तेथे नसते. प्रबंधाच्या आभारपत्रात ते घालणे तुझ्या हातात आहे.

आजीने बाळहिरडा निवडून तुझ्यासाठी डबा भरून ठेवला आहे, खोकल्यावर उगाळून घे. पुढच्या पत्रात त्या मावशींचे नाव आणि गाव कळव. आजी विचारते आहे.

तुझा,
मामा