मोठी तलवार की चपळ तलवार?

पालकहो, मूल गेममध्ये रमलंय? मोबाईल काढून घेण्याआधी त्याला एक गणित घाला.

२०१३ साली आलेल्या 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या ऑनलाइन गेममध्ये दोन्ही हातांनी धरायची मोठी तलवार दर ४.२ सेकंदांनी वार करते. वाकडी सिमिटर दर २.४ सेकंदांनी. समजा, मोठीचा सरासरी वार १४, सिमिटरचा १०. मुलं पटकन मोठीच निवडतात. आता एका मिनिटाचा हिशोब मांडायला सांगा.

मोठी: १४ × ६० ÷ ४.२ = २००
सिमिटर: १० × ६० ÷ २.४ = २५०

वार लहान, तरी सिमिटरच सरस! नुसता आकडा फसवतो. दर काढला की खरं कळतं. आपणही 'किती मार्क?' विचारतो, 'कितीपैकी?' मात्र विसरतोच ना!