हाय फ्लो लावायचंय? चला, एकेक पायरी करू

रुग्णाला फ्लूचा किंवा कोविडचा न्यूमोनिया आहे. पिशवीच्या मास्कवर 15 लिटर ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन चढत नाहीये. तो शुद्धीवर आहे, पण दोन शब्द बोलला की धाप लागते. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली आहे : हाय फ्लो लावा, म्हणजे नाकातल्या कॅन्युलातून जोराचा, गरम, ओलसर ऑक्सिजन. सिस्टर, तुम्ही पहिल्यांदाच लावत असलात तरी हे जमण्यासारखंच आहे. मात्र ते आयसीयूत किंवा एचडीयूतच करायचं, श्वासनलिकेत नळी टाकण्याची तयारी हाताशी ठेवून. घरी नाही.

ट्रॉलीवर सामान मांडा : मशीन, सर्किट, पाण्याचं चेंबर, लहान-मध्यम-मोठा असे तीन कॅन्युला, स्टराइल वॉटरची बॅग, सर्जिकल मास्क. मॉनिटर रुग्णाला लावलेला असू द्या.

1. ऑर्डर नीट वाचा. फ्लो किती, ऑक्सिजनचा टक्का किती, सॅच्युरेशन कितीवर ठेवायचं (बहुतेकांना 92 ते 96). रुग्ण गुंगीत असेल, उलट्या होत असतील किंवा बीपी सावरत नसेल, तर इथंच थांबा आणि आधी डॉक्टरांना बोलवा.

2. एन-95, फेस शील्ड, गाऊन आणि ग्लोव्ह्ज घाला. नाकात कॅन्युला जाताना रुग्ण हमखास खोकतो.

3. ऑक्सिजन पुरेल का ते पाहा. ही पायरी घाईत सुटते, म्हणून थोडं थांबून सांगते. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन असतो. 60 लिटरच्या फ्लोवर 100 टक्के दिला, तर तो दोन तासांच्या आत संपतो. म्हणून रुग्ण पाइपलाइनच्या खाटेवरच घ्या आणि मॅनिफोल्डवरच्या माणसाला फोन करून कळवा.

4. चेंबरची टोपणं काढून ते तापणाऱ्या प्लेटवर सरकवा. पक्कं बसलं नाही तर हवा गळते.

5. स्टराइल वॉटरची बॅग वर टांगून चेंबरला जोडा. सलाइन चालणार नाही, आत मीठ साचतं.

6. सर्किटची नळी मशीनला लावा. तापणाऱ्या वायरचा जोड नीट बसलाय ना, तेही बघा.

7. मशीन सुरू करून तापमान 37 वर ठेवा. तयार असल्याची खूण येईपर्यंत रुग्णाचा मास्क काढू नका.

8. आता ऑक्सिजन सोडा. क्रम लक्षात ठेवा : सुरू करताना आधी मशीन, बंद करताना आधी ऑक्सिजन.

9. कॅन्युलाचं माप निवडा. नळीनं नाकपुडीची साधारण निम्मी जागा व्यापावी. गच्च बसत असेल तर लहान माप घ्या.

10. रुग्णाला पाठ टेकून उंच बसवा. घसरून पोट दाबलं गेलं तर धाप वाढते.

11. त्याला समजावून सांगा : "काका, नाकातून जोराची, गरम हवा येईल. पहिली काही मिनिटं नकोशी वाटेल. तोंड मिटून नाकानं श्वास घ्या, मी इथंच आहे." हे न सांगता लावलंत तर घाबरलेला माणूस कॅन्युला ओढून काढतो.

12. फ्लो 30 लिटरवर ठेवा. एकदम 60 नको.

13. मास्क काढून लगेच कॅन्युला नाकात बसवा. मध्ये वेळ गेला तर सॅच्युरेशन झपाट्यानं उतरतं.

14. पट्टा डोक्यामागे बांधा. कानामागे घासत असेल तर कापसाची घडी ठेवा.

15. कॅन्युलावरून सर्जिकल मास्क लावा.

16. फ्लो पाच-दहा लिटरनं वाढवत ऑर्डरप्रमाणे 50-60 पर्यंत न्या. हवा फारच गरम वाटली तर तापमान 34 करा, फ्लो लगेच कमी करू नका.

17. सॅच्युरेशन ठरल्या आकड्यात बसेल असा ऑक्सिजनचा टक्का लावा. आकडा विचित्र वाटला तर बोट गार आहे का, नेलपॉलिश आहे का, ते बघा.

18. पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मॉनिटरवर विसंबू नका, छातीकडे बघून मोजा. मान आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जातायत का, तेही पाहा. सॅच्युरेशन 95 दिसत असूनही माणूस थकत चाललेला असू शकतो.

19. दोन तासांनी रॉक्स काढा, म्हणजे हाय फ्लो पुरेसा पडतोय का ते सांगणारा आकडा. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणानं भागा, आलेल्या उत्तराला श्वासाच्या गतीनं भागा. सॅच्युरेशन 92, ऑक्सिजन 60 टक्के म्हणजे 0.6, श्वास 30 : उत्तर साधारण 5.1. आकडा 4.88 किंवा त्याहून जास्त असेल तर सध्या ठीक. दोन तासांना 2.85 च्या खाली, सहा तासांना 3.47 च्या खाली, बारा तासांना 3.85 च्या खाली आला, तर डॉक्टरांना तडक बोलवा. अधल्यामधल्या आकड्याला तासाभरानं पुन्हा मोजा. आणि आकडा चांगला असूनही रुग्ण घामाघूम झाला, बरळू लागला, तरी फोन करा. रात्रीचे तीन वाजले असले तरी संकोच नको. नळी टाकायला उशीर होणं इथं सगळ्यात महागात पडतं.

20. डॉक्टरांची हरकत नसेल तर रुग्णाला पालथं झोपवा, छातीखाली आणि घोट्यांखाली उशा देऊन. जेवणानंतर लगेच नको. वळताना नळी ताणली जाते, म्हणून एक हात कॅन्युलावर ठेवा. जितका वेळ सोसेल तितका वेळ राहू द्या, मग कूस बदला.

21. नळीत साचलेलं पाणी चेंबरकडे उतरवा. नाकाकडे कधीच नाही.

22. पाण्याची बॅग दर पाळीला तपासा. कोरड्या हवेनं नाक सोलवटतं.

23. रुग्ण सुधारला की आधी ऑक्सिजनचा टक्का कमी करत 40 पर्यंत आणा, फ्लोला तोवर हात लावू नका.

24. मग फ्लो पाच-दहा लिटरनं उतरवा. प्रत्येक उतरणीनंतर श्वास पुन्हा मोजा. गती वाढली तर एक पायरी मागे या.

25. फ्लो 20 च्या आसपास आला आणि रुग्ण निवांत असला, की डॉक्टरांना विचारून साध्या कॅन्युलावर घ्या. मशीन मात्र ती रात्र खाटेजवळच राहू द्या, दुसऱ्या वॉर्डानं मागितलं तरी.